मुंबई–बगदाद, दोन तास

एकोडी, ता. साकोली
३ मार्च १९७९

चि. खुशाल,

पोचल्याचे पत्र काल मिळाले. चारच ओळी. वाटेत पंधरा दिवस लागले. यापुढे तुझ्या प्रत्येक पत्राच्या मागे मिळाल्याची तारीख टाकून ठेवीन. एवढ्या लांबचे काही हातात आले की ते किती दिवसांनी आले हे माहीत असावे.

विमानाची वेळ तू सांगितली होतीस ती मी लिहून घेतली होती. मुंबईहून सकाळी आठला सुटणार, बगदादला दहाला उतरणार. म्हणजे दोन तास. पत्राला पंधरा दिवस आणि माणसाला दोन तास. इथून एस.टी.ने भंडाऱ्याला जाऊन यायला याहून जास्त वेळ जातो. गावात विचारतात, पोरगा किती दूर गेला? मी सांगतो, दोन तास.

तू उंबरठा ओलांडलास तेव्हापासून तुझ्या मायने झाडू हातात घेतला नव्हता. माणूस पोचेपर्यंत घर झाडायचे नाही. नागपूरला कोणी गेले तर संध्याकाळपर्यंतचा प्रश्न असतो. या वेळी तीन दिवस झाले. चौदा तारखेला मी घड्याळ समोर ठेवून बसलो. आठ वाजता म्हणालो, बसला. दहा वाजता म्हणालो, पोचला, झाड आता. तिने झाडले, सारवले, मग आम्ही जेवलो.

तलावात पाणी कमी आहे. उन्हाळी धानाला द्यायचे की नाही यावर बैठक झाली, भांडण झाले. पाळ्या वाटायचे काम यंदाही माझ्याकडेच ठेवले. गजराचे घड्याळ पिशवीत घालून बांधावर जातो. तासाचा काटा पाहून एकाचे पाणी तोडतो, दुसऱ्याला सोडतो. एकोणिसावे वर्ष.

जेवणाचे काय ते लिही.

यादोराव


बगदाद
२२ मार्च १९७९

ती. बाबा,

तुमचे पत्र मिळाले. जेवण बरे आहे. भात मिळतो, पण लांब दाण्याचा, आपल्यासारखा चिकट नाही. आम्ही सव्वीस जण एका बरॅकीत आहोत. चार मजली इमारती उठत आहेत, त्यांच्या वायरिंगचे काम. मला वायरमन म्हणूनच घेतले, मजूर म्हणून नाही. हे मायला सांगा.

एक चूक दुरुस्त करतो. दोन तास नाही. साडेचार तास. मुंबई ते बगदाद सुमारे दोन हजार मैल आहे. इथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. सूर्य इकडे उशिरा येतो म्हणून. विमान आठला सुटले ते मुंबईचे आठ. दहाला उतरले ते इथले दहा. तेव्हा तुमच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. तिकिटावर दोन्हीकडच्या वेळा आपापल्या लिहितात. मलाही हे उतरल्यावर कळले. इथल्या भिंतीवरचे घड्याळ पाहून मला वाटले, बंद पडले आहे.

तुमच्याकडे दहा वाजले तेव्हा मी समुद्राच्या मधोमध होतो. खिडकीतून खाली पाहिले होते. निळे काही नव्हते. पांढुरके होते आणि हलत नव्हते. विमान चालले आहे की थांबले आहे तेही कळत नव्हते. शेजारी केरळचा एक जण होता, तो पूर्ण वेळ डोळे मिटून बसला होता.

पुढच्या खेपेला कोणी विचारले तर साडेचार सांगा.

खुशाल

(मागे: मिळाले ६ एप्रिल. पंधरा दिवस.)


एकोडी
८ एप्रिल १९७९

चि. खुशाल,

तुझे पत्र मी तुझ्या मायला नेहमीसारखे मोठ्याने वाचून दाखवले. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मधे थांबायला हवे होते. घड्याळाचा भाग मला नवा होता, तो समजून घेत वाचत होतो, म्हणून थांबायचे सुचले नाही.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हंजे मी झाडत होती तवा पोरगा कोठी होता?"

मी म्हणालो, समुद्रावर.

"पान्यावर का वर?"

"वर."

"अधांतरी," ती म्हणाली. सूप बाजूला ठेवले. "मी म्हनली होती, दिवे लागंस्तोवर थांबू. तुमीच म्हनले, घडी सांगते. आता काय सांगते तुमची घडी?"

तुला माहीत आहे, पण लिहून ठेवतो. आपल्याकडे माणूस घराबाहेर पडल्याबरोबर घर एकदाच झाडतात. तिरडी उचलल्यावर. एरवी माणूस वाटेत असताना झाडले तर ते तसेच धरले जाते. ती हे तोंडाने बोलली नाही. चार वेळा अंगणात जाऊन आली. आजही तसेच चालले आहे. स्वयंपाक अर्धा टाकून दाराशी येते, परत जाते.

घड्याळ माझे, तिला झाड म्हणणाराही मी. एकोणीस वर्षांत कोणाच्या पाळीतला पाव तासही इकडचा तिकडे झाला नाही.

ती म्हणते, खुशालने एकदा यावे. परत जायचे तर जावे. पण एकदा यावे, आणि तो घरात आल्यावरच ती झाडेल. म्हणजे झाले ते निस्तरले जाईल.

सुटी कधी असते ते कळव.

यादोराव


बगदाद
२९ एप्रिल १९७९

ती. बाबा,

मायला सांगा, मी धडधाकट आहे. विमानात दोनशे माणसे होती. दोनशे घरांतून कोणी ना कोणी त्या दिवशी झाडलेच असेल. विमान उतरले, सगळे उतरले, आपापल्या पेट्या ओळखून घेतल्या. केरळच्या माणसाच्या घरी तर दोनदा झाडतात म्हणे. तो माझ्या शेजारच्याच खाटेवर झोपतो आणि घोरतो.

बरॅकीत हे सांगितले तेव्हा सगळे हसले. आता कोणी गावी निघाला की बाकीचे म्हणतात, झाडू लपवा.

सुटी वर्षाने. पुढच्या मार्चमध्ये येतो.

खुशाल

(मागे: मिळाले १५ मे. सोळा दिवस. वाचून दाखवताना पहिला परिच्छेद पहिल्या वाक्यानंतर सोडला. दुसरा पूर्ण सोडला.)


एकोडी
१९ फेब्रुवारी १९८०

चि. खुशाल,

मार्चमध्ये येत नाहीस, करार सहा महिने वाढवलास, हे कळले. तू कारण लिहिले नाहीस. मीही विचारत नाही.

तू परतीच्या विमानाच्या वेळा कळवल्या होत्यास. बगदादहून साडेअकराला निघते, मुंबईला संध्याकाळी साडेसहाला पोचते. आता मला हिशेब कळतो. खरे तास साडेचारच. पण कागदावर जाताना दोन आणि येताना सात. तो कागद मी पुन्हा पुन्हा काढून पाहतो. ज्याने तिकिटे छापली त्याला माणसांची माहिती असावी.

घड्याळाची गोष्ट गावात पसरली आहे. परवा ताराचंदचे पाणी तोडले तर तो बांधावर उभा राहून म्हणाला, "यादोराव, ही घडी एकोडीची हाय का बगदादची?" बाकीचे हसले. मी त्याला घड्याळ दाखवले. तुझ्या मायचे नाव घेऊन तो म्हणाला, "दाखवू नका गा. रुखमाबाईलेबी दाखवलीच होती ना." मी त्याला दहा मिनिटे जास्त दिली. द्यायला नको होती.

तुझी माय म्हणते ते जसेच्या तसे लिहितो: "खुशाल, तुले तिकडं बरं वाटून राहिलं तर बरंच हाय. मी काई म्हनत नाई. पन तू अजून पोचला नाईस माह्या लेखी. मी घर झाडतो म्हनतो तवा हात थांबते. एक डाव ये आन मंग जा."

ती रोज झाडते. पण दाराकडे पाठ करून झाडत नाही.

यादोराव


बगदाद
२ सप्टेंबर १९८०

ती. बाबा,

करार संपला. तिकीट हातात आले. २४ सप्टेंबर, बुधवार, सकाळी साडेअकराचे विमान. मुंबईत संध्याकाळी साडेसहा. कागदावर सात, खरे साडेचार. रात्र सुखरामच्या खोलीवर, कुर्ल्याला. आंबागडचा सुखराम, माझ्याबरोबर भंडाऱ्याला आयटीआयला होता तो. दुसऱ्या दिवशी हावडा मेल. २६ ला घरी.

बरॅकीतून नऊला निघणार. म्हणजे तुमचे साडेअकरा. मायला ही वेळ सांगा. तिला जे करायचे ते त्या वेळेपासून करू द्या.

पेटी भरली आहे. काय काय आहे ते लिहीत नाही.

खुशाल

(मागे: मिळाले १७ सप्टेंबर. पंधरा दिवस. पूर्ण वाचून दाखवले.)


एकोडी
१ ऑक्टोबर १९८०

चि. खुशाल,

हे पत्र कुठे पाठवायचे ते कळत नाही. बरॅकीच्या पत्त्यावरच पाठवतो.

२२ तारखेला ग्रामपंचायतीच्या रेडिओवर लढाईची बातमी लागली. २३ ला सांगितले, बगदादचा विमानतळ बंद. मी घरी येऊन तुझ्या मायला सांगितले. ती म्हणाली, "बंद म्हंजे?" मी म्हणालो, विमान उडत नाही. ती म्हणाली, "तो निंघनार म्हनला होता ना?"

२४ ला साडेअकरा वाजता तिने झाडू वळचणीला खोचला. मी म्हणालो, तो निघालाच नसेल. ती म्हणाली, "तुमाले मालूम हाय?" मला माहीत नव्हते. "नसंल निंघाला तर मी वाट पाहून राहिली. निंघाला असंल तर तो वाटंतच हाय. दोनी डाव झाडाचं नाई."

त्याला आज आठ दिवस. धानाला लोंब्या निसवल्या आहेत, पाण्याच्या पाळ्या जोरात आहेत, दिवसभर बांधावरून माणसांच्या पायांनी चिखल घरात येतो, वाळतो, भुगा होतो. कोंबड्या आत येतात. सारवणही बंद. चूल ती हाताने पुसते.

आता साडेचार तास कोणत्या कामाचे? विमान उडत असेल तर साडेचार तास. नसेल तर किती, हे रेडिओ सांगत नाही. मी दिवसातून तीनदा जातो. बातम्या संपल्यावर गाणी लावतात तेव्हा निघून येतो.

निघाला असशील तर कुठूनही दोन ओळी लिही.

यादोराव

(पाकिटावर: परत आले, फेब्रुवारी १९८१. टपाल जात नसल्याचा शिक्का.)


अम्मान
२ ऑक्टोबर १९८०

ती. बाबा,

मी सुखरूप आहे. विमानतळावर बॉम्ब पडले, विमाने बंद झाली. आम्हाला बसने जॉर्डन देशात आणले. मधे पूर्ण वाळवंट. तीन दिवस लागले, त्यातला एक सरहद्दीवर. आता अम्मान शहरात आहोत. शाळेच्या इमारतीत झोपतो. आपल्या विमानाची वाट पाहत आहोत. नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. महिना लागेल, जास्तही लागेल. काळजी करू नये.

पत्र लिहायचे तर सुखरामच्या पत्त्यावर लिहा, कुर्ला. तो पुढे पाठवील.

मायला नमस्कार.

खुशाल

(मागे: मिळाले ११ ऑक्टोबर. आत अम्मान, २ ऑक्टोबर. पाकीट आपल्याकडचे. तिकीट आपल्याकडचे. शिक्का मुंबई, ७ ऑक्टोबर.)


एकोडी
१२ ऑक्टोबर १९८०

चि. खुशाल,

हे पत्र सुखरामने पुढे पाठवायची गरज नाही. तू त्याच्या खोलीतच आहेस.

मी पाकिटाचे शिक्के पाहतो हे तुला माहीत होते. विसरलास, की मुद्दाम टाकलेस, हे मला ठरवता येत नाही. कोणी येणाऱ्याजवळ पत्र दिले असेल आणि त्याने मुंबईत टाकले असेल, असेही वाटले. पण अम्मानला आपले पाकीट आणि आपला गोंद कुठून आला? आणि महिना लागेल, जास्तही लागेल, हे तू दोनदा खोडून लिहिले आहेस. तुझ्या अक्षराला मीच वळण लावले.

तुझ्या मायला पत्र वाचून दाखवले. शिक्का वाचला नाही. एकदा सगळे वाचून दाखवायची चूक केली आहे.

तिने विचारले, अम्मान किती तास? मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, "बरं हाय. आता घडी नका पाहू."

परवा घटस्थापना होती. आपल्या घरात घट बसले नाहीत. न झाडलेल्या घरात बसवायचे कसे? शेजारची देवकाबाई दाराशी येऊन म्हणाली, "काहून वो रुखमाबाई, देव बसवाचे हायेत का ढोरं बांधाची हायेत घरात?" तुझी माय म्हणाली, "पोरगा वाटंत हाय." मग देवकाबाई आपला नारळ उचलून तिच्या घरी घेऊन गेली. घट तिथे बसले. तुझी माय दोन वेळा तिकडे जाऊन दिवा पाहून येते.

जमिनीवर आता माती इतकी आहे की कोण कुठून कुठे गेले ते पावलांवरून दिसते. तुझ्या मायची पावले चुलीपासून दारापर्यंत आहेत. तिथे वाट पडली आहे.

बगदादहून साडेचार तास की सात, हे तुझ्यामुळे कळले. अम्मानहून किती, हे मला माहीत नाही. मुंबईहून भंडारा रोड मला माहीत आहे. हावडा मेलने सतरा तास, रखडली तर अठरा. जाताना तेवढेच, येताना तेवढेच. ते घड्याळ कुठे मागेपुढे होत नाही.

तू का आला नाहीस ते विचारत नाही.

दसरा १९ ला, रविवारी आहे. त्या दिवशी सकाळी आठपर्यंत मी थांबेन. मग तुझ्या मायला पाकिटावरचा शिक्का वाचून दाखवीन. सांगेन, पोरगा पोचला. त्याला जिथे पोचायचे होते तिथे पोचला. आता झाड. ती माझे ऐकते. मागेही ऐकले होते. ती झाडेल. काय समजून झाडेल ते तुला माहीत आहे.

यादोराव


हावडा मेल
१८ ऑक्टोबर १९८०

बाबा,

बडनेरा मागे गेले. अक्षर हलते आहे. वर्ध्याला फलाटावरच्या पेटीत टाकीन. हे माझ्यानंतर पोचेल हे मला कळते. तरी लिहितो. तोंडाने सांगायला गेलो तर तुम्ही विचारत नाही आणि मी सांगत नाही, असे होईल.

पाच तारखेला मुंबईत उतरलो. पेटी बगदादला राहिली. बसमध्ये माणसेच जेमतेम मावत होती, पेट्या फाटकाशी ठेवायला लावल्या. अंगावरचे कपडे आणि पासपोर्ट. दीड वर्षाने येतो आहे आणि हातात काही नाही, हे घेऊन बसलो होतो. दुसऱ्याच दिवशी एजंट भेटला. त्रिपोलीला वायरमन हवेत. मी पहिल्यांदा विचारले, कागदावर किती तास आणि खरे किती? त्याने सांगितले, कागदावर साडेपाच, खरे नऊ. पासपोर्ट त्याच्याकडे दिला. तारीख २७.

मला वाटले, एकदा तिथे पोचलो की तिथून लिहीन. मायच्या हिशेबात मी बगदादहून निघालो तो सरळ त्रिपोलीला पोचलो. मधे मुंबई आलीच नाही. अम्मानचे पत्र त्यासाठी. गोंद सुखरामचा होता.

पण खोलीत बसवत नव्हते. सकाळी बाहेर पडायचो, विमानतळाच्या भिंतीपर्यंत चालत जायचो, परत यायचो. सुखराम म्हणाला, "का गा, तुले कोनी मारून राहिलं का? बस ना एका जागी." बारा दिवस मी जमिनीवर होतो, असे मला एकदाही वाटले नाही.

एक सांगायचे आहे. सरहद्दीवर आम्ही कचेरीच्या ओट्यावर बसलो होतो. छप्पन माणसे. आत कागद तपासत होते. एक म्हातारा हातात झाडू घेऊन आला आणि आमच्या पायांपासून झाडायला लागला. मी उठलो आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. त्याचे झाडून होईपर्यंत उभा राहिलो. केरळचा माणूस माझ्याबरोबर उठून आला होता. त्याने मला काही विचारले नाही, मी त्याला विचारले नाही. मागे मी तुम्हाला हसून लिहिले होते.

तुमचे पत्र परवा मिळाले. काल गाडी पकडली. पासपोर्ट एजंटाकडेच आहे.

गाडी पाऊण तास उशिरा चालली आहे. भंडारा रोडहून साकोलीची एस.टी. मिळाली तर दिवे लागायच्या सुमारास घरी येईन. साकोलीहून शेवटची गाडी चुकली तर चालत येईन. उद्या सकाळी आठच्या आत कसेही.

वर्धा आले.

खुशाल

(मागे: मिळाले २३ ऑक्टोबर. पाच दिवस. खुशाल १८ ला चालत आला. तोवर दिवे लागले होते. दिवे लागल्यावर झाडत नाहीत, म्हणून ती रात्र तसेच. २५ ला मुंबईला परत जातो म्हणतो. त्रिपोली, खरे तास नऊ, लिहून घेतले. दसऱ्याला सकाळी मायलेकांनी घर झाडले. तीन टोपल्या माती निघाली. घड्याळ लावून पाहिले. दोन तास लागले.)